सांगून जाणारे खातेदार

दर महिन्याच्या पाच तारखेला मी तेवीस शाखांना नंबर देतो. पहिला कोण, शेवटचा कोण. नगरच्या प्रादेशिक कार्यालयात खिडकीजवळ माझं टेबल आहे. आमच्या बँकेच्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांचा तक्ता त्या टेबलावर तयार होतो. ठेवी किती वाढल्या, नवी खाती किती, किती ग्राहक टिकले आणि किती समोरच्या बँकेच्या पाटीखाली गेले. अकरा वर्षं मी हे काम करतो आहे. बायको म्हणते, हा माणूस जेवायला बसला की आधी पोळ्या मोजतो. ते खरं नाही. मोजते ती, मी फक्त विचारतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा मोठ्या गावात आमची शाखा, एक सहकारी बँक आणि पोस्ट एवढंच असायचं. आता काष्टीला बाजाराच्या दिवशी मुख्य रस्त्याने चालत गेलं तर पाट्या मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत. पतसंस्था, खासगी बँका, मोबाईलवर दोन मिनिटांत खातं उघडून देणारे. ग्राहक पूर्वी बँकेत यायचा, आता बँक ग्राहकाच्या दारात जाते. हे वाक्य मी आमच्या बैठकांमध्ये इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ कळायचा राहून गेला. तो कळला एका रविवारी सकाळी, घरीच.

दारावर थाप पडली. एका पतसंस्थेचा पिग्मीवाला होता, रोज थोडे थोडे पैसे गोळा करणारा. त्याने बायकोच्या हातून पैसे घेतले, मशीनमधून पावती काढून दिली आणि विचारलं, "वहिनी, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? पट्टी काढली का?"

सासूबाईंची पट्टी काढली की नाही हे मलाही माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी बायकोला विचारलं की हे खातं कधीपासून आहे. ती म्हणाली, चार वर्षं. बँकवाल्याच्या बायकोचा पैसा पतसंस्थेत, हे मला जरा लागलं. आमच्याकडे व्याज किती, त्यांच्याकडे किती, जोखीम काय, हे मी तिला समजावून सांगायला लागलो.

"अहो, मला व्याज कळतं," ती म्हणाली. "मी माहेरी गेले तर चार दिवस येऊ नका म्हणून त्याला सांगून जाते. तुमच्या बँकेत मी चार वर्षं गेले नाही, कुणाला कळलं तरी का?"

तिचं खातं आमच्याकडेही होतं आणि माझ्याच तक्त्यात ते 'संपर्कात नसलेले ग्राहक' या रकान्यात जमा झालेलं असणार.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला डोंगराच्या कडेने वसलेल्या एका गावात आमची शाखा आहे. माझ्या तक्त्यात तिचा सलग दुसऱ्या वर्षी तेविसावा नंबर आला होता. दोन वर्षं सलग शेवटचा नंबर म्हणजे ती शाखा पाथर्डीच्या शाखेत विलीन करायचा प्रस्ताव वर पाठवायचा, असा आमच्याकडे संकेत आहे. प्रस्ताव तयारच होता. फक्त कुणीतरी जाऊन शाखा बघितली अशी एक टिपणी त्याला जोडायची होती. साहेब म्हणाले, जाऊन या, आठ दिवसांत लिहून द्या. तिथे बघण्यासारखं काही असेल असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि मलाही नाही. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत त्या शाखेत पाऊल टाकलेले ग्राहक इतके कमी होते की मी ते आकडे दोनदा तपासले होते. बरोबर होते.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. करंजीचा घाट चढून पाथर्डी, तिथून दुसऱ्या गाडीने चोवीस किलोमीटर. गावात शिरताना रस्त्याच्या कडेला तीन ट्रॅक्टर उभे दिसले. ट्रॉल्यांमध्ये पत्रे, बांबू, भांडी, पाण्याचे पिंप, एका ट्रॉलीत वरती बांधलेली शेळी. आणि शाखेसमोर रांग. मी सवयीने मोजली. बाहेर एकेचाळीस माणसं होती. आत किती ते दिसत नव्हतं. मला वाटलं, एखाद्या सरकारी योजनेचा हप्ता जमा झाला असेल.

शाखा सांभाळणाऱ्या मॅडम पारनेरच्या, वय तिशीच्या थोडं पुढे. त्यांच्या हाताखाली एक कारकून आणि एक शिपाई. मी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली, पण स्वतः बसल्या नाहीत.

"सर, तुम्ही आज आलात ते बरं झालं. पेन आहे ना?" त्या म्हणाल्या. "स्लिपा भरून द्यायला माणूस कमी आहे."

मी टिपणी लिहायला गेलो होतो. पण अकरा वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत लोकांच्या पैसे काढायच्या आणि भरायच्या स्लिपा लिहीत बसलो. नाव, खाते क्रमांक, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरात. कितीतरी वर्षांनी मी ग्राहकाच्या इतक्या जवळ बसलो असेन.

चाळिशीतली एक बाई समोर आली. हातांवर पाचटाचे ओरखडे, काही ताजे, काही जुने. मी पासबुक मागितलं.

"ते हितंच हाय की, कपाटात," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला माझं बोलणं कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, तुमचं पासबुक. तिने शिपायाकडे बघितलं, शिपायाने मॅडमकडे, आणि मॅडमनी माझ्याकडे. मग मॅडमनी स्वतःच जाऊन मागचं लोखंडी कपाट उघडलं.

कपाटाचे दोन कप्पे पासबुकांनी भरलेले होते. साडीच्या काठाच्या पट्ट्यांनी बांधलेले गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर एकेका साखर कारखान्याचं गाव.

मी नियमाने चालणारा माणूस आहे. पासबुक खातेदाराच्या हातात असलं पाहिजे. बँकेच्या कपाटात खातेदाराचं पासबुक सापडणं म्हणजे तपासणीत लाल शेरा, आणि तो योग्यच आहे. त्या कपाटातल्या पासबुकांचा कुणी गैरवापर केला असता तर त्या बाईला ते कळायला सहा महिने लागले असते. मी मॅडमना बाजूला घेऊन हे कधीपासून चाललं आहे असं विचारलं.

त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्या आधीच्या दोघा साहेबांच्याही आधीपासून ही पद्धत होती. गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात आणि चैत्रात परत येतात. तिकडे कोपीत राहायचं. पाचटाच्या झोपडीत पासबुक उंदीर कुरतडतात, पाण्याने भिजतं, एकदा तर एक अख्खी कोपीच जळाली होती. म्हणून निघायच्या आधी लोक बँकेत येतात, कुठल्या कारखान्यावर चाललो, टोळीच्या कुठल्या मुकादमाबरोबर, परत कधी येणार, हे सांगतात आणि पासबुक ठेवून जातात. मॅडमनी टेबलातून दोनशे पानी वही काढली. त्यात हे सगळं ओळीने लिहिलेलं होतं, मुकादमाच्या फोन नंबरासकट.

"बाहेरची रांग पासबुकं परत घेऊन पैसे भरायला आली आहे, सर," त्या म्हणाल्या.

"मला हे लिहावं लागेल," मी म्हणालो.

"लिहा. पण का ठेवली तेही लिहा."

त्या परत खिडकीवर गेल्या. मी कपाटासमोर उभा राहून गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्यांत जाड गठ्ठ्यावर माझ्या भागातल्या कारखान्याचं नाव होतं.

मी सोनईकडचा. आमच्या विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यावर दर वर्षी दिवाळीच्या आसपास कोप्या उभ्या राहायच्या. आई त्यांच्या बायकांना ताक द्यायची, आणि त्या आमच्या गाईला उसाचं वाढं टाकायच्या. कारखान्याचा भोंगा सुरू झाला की गावात माणसं वाढायची, दुकानं उशिरापर्यंत उघडी राहायची, आणि जानेवारीपासून उसाची बिलं निघाली की बँकेत पाय ठेवायला जागा नसायची. त्यामुळेच सहा वर्षांपूर्वी मी तक्त्यात 'सक्रिय ग्राहक' हा नवा रकाना घातला तेव्हा जानेवारी ते मार्च हे तीन महिने निवडले. वर्षातला सगळ्यांत गजबजलेला काळ. त्या काळात जो खातेदार बँकेत फिरकत नाही तो आपला राहिला नाही, असा माझा सरळ हिशेब होता. साहेबांना तो आवडला होता.

ती माणसं कुठून येतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती येतात म्हणजे कुठलं तरी गाव रिकामं होतं, हे मात्र पन्नाशी जवळ आली तरी डोक्यात आलं नव्हतं. माझ्या गावाकडची शाखा ज्या तीन महिन्यांत पहिल्या पाचात यायची, नेमकी त्याच तीन महिन्यांत ही शाखा तळाला जायची. या शाखेचे ग्राहक त्या वेळी माझ्या भावाच्या शेतात ऊस तोडत होते.

कार्यालयाने जानेवारीत पाठवलेली केवायसीची पत्रंही मला तेव्हाच आठवली. त्या गावातून ढिगाने परत आली होती. पोस्टमनने पाकिटावर लिहिलं होतं, घर बंद. आम्ही त्याची नोंद 'ग्राहक सापडत नाही' अशी केली आणि काही खाती गोठवली. पोस्टमनने खरं लिहिलं होतं. चुकीचं आम्ही वाचलं.

मी परत स्लिपा भरायला बसलो. ती बाई अजून तिथेच होती, तिच्या हातात आता तिचं पासबुक होतं. तिच्या मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी ठेवलेली मुदत ठेव कधी पुरी होते ते तिला मी वाचून दाखवलं. तिने पासबुक पिशवीत घातलं आणि मग हळू आवाजात विचारलं,

"भाऊ, ही बँक पाथर्डीला न्हेनार म्हनत्यात. खरं हाय का?"

"अजून ठरलं नाही."

"पाथर्डीला जायचं म्हंजी आख्खा दिस मोडतो. त्ये बी करू. पर तिथं आमाला वळखतंय कोन? हितं मॅडमला ठाव हाय, आमी कवा जातो, कवा येतो." ती थांबली. "ठरवनार कोन?"

मी म्हणालो, ठरवणारे वर असतात, मी फक्त कागदावर नंबर घालतो.

"मंग नंबर नीट घाला," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.

नगरला परतल्यावर चार दिवस मी मागच्या सहा वर्षांचे आकडे काढत बसलो. प्रत्येक शाखेचे तीन महिन्यांऐवजी पूर्ण बारा महिने धरले. त्या शाखेचा नंबर तेविसावरून एकोणिसावर आला. एकोणिसावा काही अभिमानाने सांगण्यासारखा नंबर नाही, हे मी मान्य करतो. पण शेवटचा नव्हता. मग मी आणखी एक गोष्ट काढून पाहिली, जी कधीच तक्त्यात नव्हती. जमा झालेला पैसा किती दिवस टिकतो? माझ्या गावाकडच्या शाखेत उसाचं बिल जमा व्हायचं आणि पंधरा दिवसांत समोरच्या पाट्यांखाली वाटलं जायचं. डोंगराकडच्या त्या शाखेत चैत्रात भरलेला पैसा दसऱ्यापर्यंत हळूहळू निघायचा, आणि मुदत ठेवी मुदतीच्या आधी मोडणारं जवळपास कुणी नव्हतं. त्या गावात दुसरी पाटीही नव्हती, हे खरं. पण पाटी नाही म्हणून माणसं टिकतात असंही नाही. पिग्मीवाले सगळीकडे पोचतात.

टिपणी मी दोन भागांत लिहिली. पहिल्या भागात माझा रकाना चुकीचा होता, हे. दुसऱ्या भागात कपाटातली पासबुकं. दुसरा भाग गाळला असता तर मॅडमवर काही आलं नसतं आणि शाखेची बाजूही बळकट दिसली असती. पण मग पहिल्या भागावर तरी कुणी का विश्वास ठेवावा? मी पासबुकांचं लिहिलं, का ठेवली तेही लिहिलं, आणि त्या दोनशे पानी वहीच्या चार पानांची नावं झाकलेली प्रत जोडली.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे अकरा वर्षं आपण शाखांना चुकीचे नंबर देत होतो?"

"अकरा नाही साहेब, सहा. त्याच्या आधी हा रकाना नव्हता."

ते हसले की चिडले ते मला कळलं नाही. त्यांनी विचारलं की मग आता शेवटची कोणती. मी सांगितलं. माझ्या गावाकडचीच; उसाचे तीन महिने सोडले तर तिच्यात फारसं कुणी फिरकत नव्हतं. आता मात्र ते हसले.

दीड महिन्याने वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. विलीनीकरण एक वर्ष स्थगित. पुढच्या मार्चअखेर बारा महिन्यांच्या आकड्यांवर निर्णय. मॅडमकडून लेखी स्पष्टीकरण मागवलं गेलं आणि पासबुकं ठेवण्याची पद्धत ताबडतोब बंद करायला सांगितलं. मॅडमनी फोनवर मला एवढंच विचारलं, सर, वही ठेवली तर चालेल ना? मी म्हणालो, वही चालेल.

माझ्या थोरल्या भावाचाही फोन आला. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं.

"आपल्याच गावाला शेवटचा नंबर दिलास व्हय रं? हितला का तितला तू?"

मी त्याला विचारलं, तुझं उसाचं बिल आमच्या शाखेत किती दिवस राहिलं? तो म्हणाला, ते जाऊ दे, आंबे कधी न्यायला येतोस ते सांग.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावाला गेलो. निघताना बायकोला सांगितलं की तीन दिवस येणार नाही. ती म्हणाली, कळलं, लिहून ठेवते. आमच्यात हा नवा विनोद झाला आहे. सासूबाईंच्या डोळ्याची दुसऱ्या तपासणीची तारीखही मला आता माहीत असते.

केवायसीचं काम आम्ही या वेळी जानेवारीऐवजी दसऱ्याआधी घेतलं. देवळासमोरच्या पारावर टेबल मांडलं, मॅडम एका बाजूला, मी दुसऱ्या. लोक येत होते, अंगठा लावत होते, फोन नंबर बदलून घेत होते आणि मग सवयीने पासबुक पुढे करत होते. प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं की आता पासबुक बँकेत ठेवता येणार नाही. त्याऐवजी आम्ही जाड प्लास्टिकचं पाकीट देत होतो, पाणी न शिरणारं, चेन लावून बंद होणारं. एक म्हातारा ते पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "उंदराला काय सांगायचं? बँकेचं हाय म्हनून?" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, बाबा, कोपीच्या मेढीला, वर खांबाला, उंच टांगा. तो म्हणाला, आमचे उंदीर तुमच्या शिपायापेक्षा उंच चढत्यात.

हातावर ओरखडे असणारी ती बाईही आली. ते आता पुसट झाले होते. तिने सोबत मुलीला आणलं होतं. मुलगी नगरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, दसऱ्यासाठी गावी आली होती. बाईने कारखान्याचं नाव सांगितलं. माझ्याच भागातलं. मी वहीत लिहिलं. मुकादमाचा नंबर लिहिला. परत कधी, असं विचारलं.

"चैतात. पाडव्याच्या मागं-म्होरं." मग ती म्हणाली, "तवर बँक हितंच ठिवा."

मी होय म्हणालो नाही. ते माझ्या हातात नव्हतं, आणि जे हातात नाही त्याचा शब्द मी देत नाही. मी 'चैत्र' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

हिवाळ्यात एका रविवारी भावाकडे गेलो तेव्हा विहिरीपलीकडे जाऊन आलो. कोप्यांमध्ये दिवसा कुणी नव्हतं, सगळे उसाच्या फडात होते. एका कोपीच्या मेढीला उंचावर आमचं पाकीट टांगलेलं दिसलं. कुणाचं होतं ते माहीत नाही. मी हात लावला नाही.

मार्च संपला. पाच एप्रिलला मी तक्ता केला. प्रत्येक शाखेचे बारा महिने, पैसा किती दिवस टिकला याचा एक रकाना, आणि 'संपर्कात नसलेले ग्राहक' हा रकाना काढून त्याच्या जागी 'गेलेले, सांगून' आणि 'गेलेले, न सांगता' असे दोन. साहेबांना हे शब्द कार्यालयीन वाटले नाहीत, पण त्यांनी बदलले नाहीत. डोंगराकडच्या शाखेचा नंबर सतरावा आला. वर्षअखेरच्या बैठकीत तिच्या विलीनीकरणाची फाईल बंद झाली. चर्चा चार मिनिटं चालली. मी घड्याळ बघत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तिथे गेलो, फाईल बंद झाल्याचं पत्र मॅडमना स्वतः द्यायला. पोस्टानेही गेलं असतं. बाहेर रांग होती, सदतीस माणसं, गेल्या वर्षीपेक्षा चारच कमी; पासबुकं आता लोकांकडेच होती, तरी हंगामाचे पैसे भरायला यावंच लागत होतं. त्यात ती बाई दिसली. कालच गावात आली होती, पोरीची फी भरायला थांबली होती. पाकिटाला काजळी लागली होती, पासबुक आत कोरडं होतं.

मला वाटलं होतं, ती बँकेचं काय झालं ते विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. मी स्लिप भरून पुढे केली तेव्हा तिने कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं.

"भाऊ, लई ऊन हाय औंदा. थंड पान्याचं मशीन कवा बसवनार तुमी? म्होरल्या वर्सी तरी बसवा."

मी ते डायरीत लिहून घेतलं.